रयतेचे घर

ओसाका हे जपानमधले मोठे व्यापारी शहर. त्याच्या उत्तरेस, शहराला अगदी लागून, तोयोनाका नावाचे नगर आहे आणि तेथे हात्तोरी या नावाचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. उद्यानाच्या एका भागात, बांबूच्या बनाआड, सुमारे नऊ एकर जागेवर डझनभर जुन्या इमारती उभ्या आहेत. त्यांत राजवाडा नाही, देऊळ नाही, कुणा सरदाराची हवेली नाही. बहुतेक सारी शेतकऱ्यांची घरे आहेत. कुठले उत्तरेकडच्या हिमप्रदेशातले, कुठले दक्षिणेकडच्या डोंगरउतारावरले, तर कुठले बेटावरचे धान्याचे कोठार. निरनिराळ्या मुलखांतली ही घरे मूळ जागेवर सोडवून, खांब-वासे उतरवून, एकेका लाकडावर खूण घालून येथे आणली आणि पुन्हा उभी केली. १९५६ साली हे काम सुरू झाले. जपानमधले अशा तऱ्हेचे हे पहिले खुले संग्रहालय होय.

माझा भाचा नोकरीनिमित्त ओसाकात असतो. त्याच्या आग्रहावरून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे गेले होते. पहिल्या दिवशी त्याने मला तिथला प्रसिद्ध किल्ला दाखविला. तोयोतोमी हिदेयोशीने १५८३ साली बांधावयास घेतलेला हा किल्ला. पुढे तो लढाईत पडला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा जळाला. खंदक रुंद आहेत, तटाचे दगड पाहून छाती दडपते. पण मधोमध जो उंच देखणा मनोरा दिसतो, ज्याची चित्रे आपण दिनदर्शिकांवर पाहतो, तो १९३१ साली सिमेंट-काँक्रीटमध्ये उभारलेला आहे आणि आत लिफ्ट आहे. मी लिफ्टने वर गेले, शहर पाहिले आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मावशी, आज तुला खरी जुनी वास्तू दाखवतो. पण तिथे राजाबिजा कुणी नाही हं." मी म्हटले, "मग तर आधी चल."

घरे उचलून आणून जपण्याची कल्पना मूळची युरोपच्या उत्तरेकडची. नॉर्वेमध्ये राजा दुसरा ऑस्कर याने १८८१ साली आपल्या जागेत जुन्या लाकडी इमारती आणवून ठेवण्यास आरंभ केला. पुढे दहा वर्षांनी, १८९१ साली, आर्तुर हाझेलियस याने स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे 'स्कान्सेन' हे खुले संग्रहालय लोकांसाठी उघडले. हाझेलियस भाषांचा अभ्यासक आणि काही काळ शिक्षकही होता, हे वाचून मला आमच्या व्यवसायाविषयी थोडा अभिमान वाटला. आगगाड्या आणि कारखाने आले, खेड्यातली माणसे शहराकडे निघाली, आणि त्यांच्यामागे रिकामी घरे कोसळू लागली. ती पाहून या गृहस्थाच्या मनाने घेतले की, भांडीकुंडी आणि कपडे काचेच्या कपाटात ठेवून भागणार नाही. ती ज्या घरात वापरली जात ते घरच ठेवावयास हवे.

जपानमध्ये हा विचार थोडा उशिरा रुजला. कोन वाजिरो नावाच्या वास्तुअभ्यासकाने गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांच्या घरांची रेखाटने करून, १९२२ साली त्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. तोपर्यंत जुनी वास्तू म्हणजे देऊळ नाहीतर किल्ला, अशीच तिकडेही समजूत होती. १९४९ साली होर्यूजी या अतिप्राचीन बौद्ध मठाला आग लागून तिथली भित्तिचित्रे होरपळली. त्या धक्क्याने सारा देश जागा झाला आणि १९५० साली सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा नवा कायदा झाला. त्या कायद्याच्या छत्राखाली हळूहळू गवताच्या छपराची घरेही आली. हात्तोरी उद्यानातल्या काही घरांना आज राष्ट्राचा महत्त्वाचा ठेवा म्हणून मान आहे.

संग्रहालयात शिरताना जो दरवाजा लागतो तोही जुनाच आहे. ओसाकाच्या परिसरातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरापुढचा हा लांबट दरवाजा. दोन्ही अंगांना खोल्या आणि मधून वाट. आपल्याकडच्या पाटलाच्या वाड्याची देवडी आठवावी. आत गेल्यावर पायवाट झाडीतून वळणे घेत जाते आणि एकेका वळणावर एकेक घर सामोरे येते. मुलखागणिक घराचे रूप किती पालटते, हे तासाभराच्या चालण्यात कळते.

सर्वांत थोर दिसते ते हिदा प्रांतातल्या शिराकावाचे घर. येथे आलेले हे पहिले घर. धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून ते तिथून हलविले. नमस्काराला हात जोडावेत तसे त्याचे छप्पर आहे आणि तिकडच्या भाषेत या घडणीला नावही तेच आहे, 'गाश्शो', म्हणजे जोडलेले हात. छपराची पाखी इतकी उभी असण्याचे कारण बर्फ. चपट्या छपरावर बर्फ साचून घर दबून जाईल. उभ्या पाख्यावरून ते घसरते. छपराच्या सांगाड्यात लोखंडी खिळा नाही. वासे दोरांनी आणि एका झाडाच्या चिवट फांद्या पिळून केलेल्या बंधांनी बांधलेले आहेत. मुख्य वाशांची खालची टोके पेन्सिलीसारखी निमुळती करून तुळईच्या खाचेत नुसती टेकवलेली असतात, त्यामुळे वाऱ्यात घर थोडे हलते आणि मोडत नाही. काही तुळयांना बुंध्याकडे नैसर्गिक बाक आहे. डोंगरउतारावरचे झाड कोवळे असताना बर्फाच्या भाराने वाकते आणि मग सूर्याकडे सरळ वाढते. असे वाकलेले झाड हेरून त्याचा तो बाक सुतारांनी घराच्या कामी लावला आहे. ज्या बर्फाने झाड वाकविले त्याचाच भार पेलण्यासाठी ते लाकूड वापरले, ही त्या अनामिक सुतारांची हिकमत पाहून मी बराच वेळ वर बघत उभी राहिले.

घराच्या मधोमध जमिनीत चौकोनी आगटी आहे. तिला इरोरी म्हणतात. वरून आकडा लोंबतो, त्याला किटली अडकवलेली. आगटीच्या वर दोरांनी एक मोठी लाकडी फळी टांगलेली असते, ठिणगी उडून छपराला लागू नये म्हणून. एक वयस्क गृहस्थ आगटीपाशी बसून लाकडे सारीत होते. सगळे घर धुराने भरलेले. माझ्या डोळ्यांना पाणी आले आणि भाच्याला वाटले मला त्रास होतो आहे. मी त्याला म्हटले, "अरे, हा वास माझ्या ओळखीचा आहे." मग त्याच्यामार्फत मी त्या गृहस्थांना विचारले की, येथे कुणी राहत नाही, स्वयंपाक होत नाही, मग विस्तव कशासाठी? ते म्हणाले, घरासाठी. धूर वर चढतो, गवत कोरडे राहते, किडा लागत नाही, दोर घट्ट राहतात. धूर बंद झाला की छपराचे आयुष्य घटते. मी त्यांना सांगितले की, आमच्याकडेही चुलीच्या धुराने आढे-वासे काळे कुळकुळीत होत आणि त्यांना वाळवी लागत नसे. त्यांनी मान डोलावून आणखी एक लाकूड आत सारले.

या घराचे वरचे मजले रेशमाच्या किड्यांसाठी होते. मजल्याची जमीन फटीफटींची, म्हणजे आगटीची ऊब वरपर्यंत जावी. शिराकावा आणि शेजारचे गोकायामा या खोऱ्यांत आणखी एक धंदा चाले. आगटीजवळ जमिनीखाली खड्डा करून त्यात माती, गवत-पाला आणि रेशमाच्या किड्यांची विष्ठा थरांनी भरीत आणि चार-पाच वर्षे कुजू देत. त्या मातीतून सोरा निघे, आणि सोऱ्यावाचून बंदुकीची दारू होत नाही. वर रेशीम, मध्ये माणसे आणि खाली दारूची माती! माणसेही थोडीथोडकी नव्हेत. या खोऱ्याच्या काही गावांत एका घरात तीस-चाळीस माणसे राहत. शेतजमीन इतकी अपुरी की ती वाटली तर कुणाचेच पोट भरायचे नाही. म्हणून थोरल्या मुलाचाच संसार घरात मांडला जाई आणि धाकटी भावंडे त्याच छपराखाली जन्मभर राबत. एवढ्या मोठ्या घराचे कौतुक करताना ही गोष्ट विसरू नये. घर मोठे होते, कारण रान लहान होते.

छपराचे गवत तीस-चाळीस वर्षे टिकते. ते बदलावयाचे झाले की सारा गाव एकत्र येई. शे-दीडशे माणसे एका दिवसात किंवा दोन दिवसांत छप्पर उतरवून नवे घालीत. आज माझ्या घराला तुम्ही या, उद्या तुमच्या घराला मी येतो, असा हा व्यवहार. त्याला त्यांच्याकडे 'यूइ' म्हणतात. आपल्याकडे याला सावड म्हणतात, कुठे इर्जिक म्हणतात. शब्द वेगळा, हिशेब तोच. शिराकावा आणि गोकायामा येथली शिल्लक गावे १९९५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घातली. पण जे गाव पाण्याखाली गेले त्याची खूण हात्तोरी उद्यानातल्या अशा एखाद्या घराने राहिली आहे.

पुढे ईशान्येकडच्या नांबू मुलखातले घर लागते. ते काटकोनात वळलेले आहे. एका बाजूला माणसे, दुसऱ्या बाजूला घोडे, वर छप्पर एकच. तो मुलूख घोड्यांच्या पैदाशीसाठी नावाजलेला आणि थंडी कडाक्याची. तेव्हा चुलीची ऊब घोड्यांनाही मिळावी आणि रांधता रांधता बाईला त्यांच्यावर नजर ठेवता यावी, अशी ही योजना. कोकणात किंवा मावळात ज्याने गोठा घराला लागून पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दूरच्या आमामी बेटावरचे कोठार गुळगुळीत गोल खांबांवर अधांतरी उभे आहे. उंदराला खांब चढता येऊ नये आणि ओल लागू नये म्हणून धान्य थेट छपराच्या पोटात. आपण पेवे जमिनीत खणली, कणग्या शेणाने लिंपल्या. त्यांनी कोठारच वर उचलले. उंदीर मात्र दोन्हीकडचा सारखाच.

ह्यूगा प्रांतातले शीबाचे घर पाहून मी चकित झाले. ते आगगाडीच्या डब्यासारखे लांबच लांब आहे, साऱ्या खोल्या एका ओळीत. शीबाचा मुलूख इतका उतरणीचा की सपाट जागा म्हणजे डोंगरात खणलेली अरुंद पट्टी. घराला पुढे दरी आणि पाठीशी डोंगर. म्हणून मागच्या भिंतीत दारे-खिडक्या न ठेवता कपाटे आणि फडताळे बसविली आहेत. तेथे भातशेती जवळजवळ नव्हतीच. रान तोडून, जाळून, राखेत धान्य पेरायचे आणि चार वर्षांनी ती जागा सोडून द्यायची. आपल्याकडे कुमरी म्हणतात किंवा दळी म्हणतात तीच ही शेती. जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे जनक यानागिता कुनिओ १९०८ साली या शीबा गावी गेले आणि तिथल्या रानडुकरांच्या शिकारीच्या चालीरीतींवर त्यांनी पुढल्या वर्षी पुस्तक छापले. सरकारी हुद्द्यावरचा माणूस रानातल्या शिकाऱ्यांचे शब्द टिपून घेतो, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

आणि मग आकियामाचे घर.

हे घर शिनानो प्रांताच्या उत्तर टोकाला, आजच्या साकाए गावाच्या हद्दीतल्या एका दुर्गम खोऱ्यातले. याच साकाए गावातल्या एका रेल्वे स्थानकावर १९४५ च्या फेब्रुवारीत ७.८५ मीटर बर्फ मोजले गेले, म्हणजे पंचवीस फुटांहून अधिक. अशा मुलखातले हे घर आणि त्याच्या भिंती गवताच्या आहेत! छपराचे जे गवत तेच भिंतींना, वरून खालपर्यंत. कारवीचा कूड निदान मातीने लिंपलेला असतो. येथे तेही नाही. आत पाऊल टाकले तर फळ्यांची जमीन नाही. मातीवरच गवत पसरायचे, त्यावर चटई टाकायची, तिथेच बसायचे, जेवायचे आणि निजायचे. शिराकावाच्या घरात मी मान वर करून तुळया पाहिल्या होत्या. येथे मी खाली पाहत राहिले.

एचिगो प्रांतातला सुझुकी बोकुशी नावाचा एक कापडाचा व्यापारी १८२८ साली या खोऱ्यात हिंडून आला होता. तो लिहिणारा माणूस होता. 'होकुएत्सु सेप्पु' हे हिमप्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८३७ सालापासून छापले गेले. आकियामाच्या लोकांजवळ अंथरूण-पांघरूण नसते, ते आगटीभोवती अंगावरच्या कपड्यांनिशी निजतात आणि थंडी फारच पडली की गवती पोत्यात शिरतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. त्याआधी १७८३ साली, म्हणजे आपल्याकडे सालबाईचा तह होऊन वर्ष लोटले त्या सुमारास, जपानात भयंकर दुष्काळ पडला होता. त्यात या खोऱ्यातली आठ घरांची एक अख्खी वस्ती उपासमारीने नाहीशी झाली. आठही घरे. दिवा लावायला कुणी उरले नाही. संग्रहालयातले हे घर त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या गावचे. पण त्या मातीच्या जमिनीवर उभे राहिल्यावर आठ घरांचा तो आकडा पाठ्यपुस्तकातल्या आकड्यासारखा राहत नाही.

तेथून निघाले आणि थोड्या अंतरावर ओसाकाच्या दोजिमा भागातले तांदळाचे कोठार पाहिले. पांढऱ्या जाड भिंतींचे, कौलारू, आगीला दाद न देणारे. दोजिमा म्हणजे जपानच्या तांदळाच्या व्यापाराची पेठ. त्या काळी शेतमालाचा वसूल मुख्यतः तांदळात घेतला जाई. सरदारांचे पगार तांदळात, संस्थानाची थोरवी तांदळात मोजायची. निरनिराळ्या संस्थानांचा तांदूळ जहाजांनी ओसाकाला येई, कोठारात पडे आणि दोजिमाला विकला जाई. १७३० साली शोगुनाच्या सरकारने तेथल्या बाजाराला रीतसर मान्यता दिली. तांदूळ प्रत्यक्ष हाती नसताना पुढच्या भावाचे सौदे करण्याचा जगातला हा पहिला संघटित बाजार मानतात. आता या छोट्याशा जागेत पाहा: इकडे तांदळाचे कोठार, तिकडे वरी-नाचणीसारख्या भरड धान्यावर आणि तेही संपले तर रानातल्या कंद-फळांवर जगणाऱ्यांचे गवताचे घर. तांदूळ पिकवणाऱ्या खेड्यांतही वसूल भरून शेतकऱ्याच्या ताटात बहुधा भरड धान्यच उरे. कोठाराची भिंत दोन वीत जाड आणि घराची भिंत गवताची. ज्याने हे संग्रहालय मांडले त्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे. पण मला साऱ्या संग्रहालयाचा अर्थ त्या दोन इमारतींच्या मधल्या पायवाटेवर लागला.

१७३० हे साल माझ्या डोक्यात घोळत राहिले. इतिहास शिकवणाऱ्याला सनावळीची खोड असते. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यास शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. बोकुशी आकियामाला गेला ते १८२८ साल, आणि त्याच वर्षी शनिवारवाडा आगीत जळाला. वाडा गेला, तट राहिला, आणि तो तट आपण जपला. जपलाच पाहिजे. त्यातला दिल्ली दरवाजा पाहताना अंगावर काटा येतो. पण वाड्याला जो पैसा लागला तो जिथून आला, त्या मावळातल्या, गंगथडीच्या, वऱ्हाडच्या रयतेचे त्या काळचे एखादे तरी घर आज कुठे दाखविता येईल का? बखरी आहेत, कैफियती आहेत, पेशवे दप्तरात वसुलाचे ढीगभर कागद आहेत. किती बिघे, किती मण, किती बाकी, सारे कळते. ज्याच्याकडे बाकी होती तो कुठल्या कोनाड्यात दिवा लावीत होता, हे कळत नाही. कादंबरी लिहिताना मला हे फार जाणवते. वाड्याचे वर्णन सोपे आहे, चौक-दिवाणखाने मोजून ठेवलेले आहेत. कुणब्याच्या घरात पात्रांना नेले की लेखणी अडखळते आणि मग आपल्या आजोळच्या आठवणीवर काम भागवावे लागते.

माझे आजोळ सह्याद्रीतले. ते गावही एका धरणात गेले, माझ्या जन्माच्या आधी. आजी सांगायची, गाव सोडताना माणसांनी घरे आपल्या हातांनी उतरविली. कौले बैलगाडीत गवत घालून भरली. वासे, खांब, जाते, पाटा, देवघराची फळी, सारे नेले. मातीच्या भिंती तेवढ्या राहिल्या, त्या पाण्याने विरघळल्या. नव्या ठिकाणी सरकारी आखणीप्रमाणे घर उभे राहिले, पण दाराची चौकट जुनीच बसविली. "चौकट नेली की घर नेलं," असे आजी म्हणे. लहानपणी मी त्या उंबरठ्यावर बसून पेरू खाल्ले आहेत. पुढे मामांनी स्लॅबचे घर बांधले तेव्हा ती चौकट कुठे गेली, ते आता कुणाला सांगता येत नाही. एका घराने दोन जागा पाहिल्या आणि तिसऱ्या वेळी ते आटोपले. शिराकावाच्या घराशेजारी उभी असताना मला हे आठवले. तेही धरणामुळेच उठले होते. आपल्याकडे १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून धरणाखाली जाणाऱ्या गावांची कहाणी आहे; जमिनीच्या मोबदल्याचे कागद कुठे ना कुठे असतील, पण त्या गावांतले घर कसे होते, हे दाखवायला लाकडाचा तुकडा नाही.

असे का झाले, याची कारणे साधी आहेत. आपली माती पावसात वाहून जाते. देशावरचे धाब्याचे घर दरसाल पांढऱ्या मातीने राखावे लागते, कोकणातले छप्पर दरसाल शाकारावे लागते. माणूस गेला की दोन पावसाळ्यांत घर बसते. लाकडाला बाजारात किंमत येते, म्हणून जुने खांब मोडून विकले जातात आणि शहरातल्या उपाहारगृहांत शोभेला लागतात. पण याहून खरे कारण असे की, हे जपण्यासारखे काही आहे असेच आपल्याला वाटले नाही. ज्यांना वाटले ते विरळा. पुण्याच्या काका केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, दारे-खिडक्या जमविल्या. त्यांचा राजा दिनकर केळकर संग्रह पाहून बाहेर पडणारा माणूस आपल्या घरातल्या जुन्या दिव्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. भोपाळच्या मानव संग्रहालयाच्या टेकडीवर निरनिराळ्या आदिवासी समाजांची घरे त्यांच्याच माणसांकडून बांधवून घेतलेली आहेत. तेव्हा हे आपल्याकडे होतच नाही, असे नाही. थोडे होते.

खुल्या संग्रहालयाचे गोडवे गाताना त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. घर हलविले की त्याची जागा सुटते. शिराकावाच्या घरासमोरून आता नदी वाहत नाही, शीबाच्या घरापुढे दरी नाही. शहरातल्या मोटारींचा आवाज बांबूतून येतो. शिवाय घर पुन्हा उभारताना ते बहुधा त्याच्या जुन्यात जुन्या रूपात नेतात. मधल्या पिढ्यांनी घातलेली खिडकी, पत्र्याचा तुकडा, विजेचा दिवा, मुलांनी खांबावर केलेल्या उंचीच्या खुणा, हे सारे पुसले जाते. घर राहते आणि घरातली शेवटची माणसे पुसट होतात. आणखी एक गोष्ट. सर्वत्र अशा संग्रहालयांत टिकून येतात ती बहुधा बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्यांची घरे, कारण जाड तुळईचे घर दोनशे वर्षे उभे राहते आणि गरिबाचे राहत नाही. म्हणूनच आकियामाचे घर मला सगळ्यांत मोलाचे वाटले. ते टिकायला नको होते आणि टिकले आहे. आपल्याकडे असे काही कुणी करील तेव्हा पाटलाचा चौसोपी वाडा आणून काम संपले असे मानू नये. आपल्या गावात घर पाहून जात कळे, अशी गावाची मांडणी होती. गावकुसाबाहेरचे घर, कातकऱ्याची कारवीची खोपी, माळवदाखालची विणकराची मागाची जागा, ही त्यात नसतील तर ते महाराष्ट्राचे घर होणार नाही.

नऊ एकर जागा आणि लाखो रुपये आपल्या हाती नसतात, हे खरे. पण कोन वाजिरोने आरंभ केला तो वही आणि पेन्सिलीने. गेल्या वर्षी मी शाळेतल्या मुलांना सुट्टीचा अभ्यास म्हणून आपापल्या गावातले सर्वांत जुने घर मोजून आणावयास सांगितले होते. लांबी, रुंदी, खोल्यांची नावे, चूल कोणत्या दिशेला, पाणी कुठून येई, बाळंतिणीची खोली कोणती, गुरे कुठे बांधीत. मुलांनी वह्या भरून आणल्या. सोपा, माजघर, पडवी, परसू, बळद, लादणी, मेढ, पागोळी, असे शब्द त्यांच्या अक्षरांत वाचताना मला कळले की यांतले निम्मे शब्द त्यांनी प्रथमच लिहिले होते. एका मुलाने घराची आकृती काढून एका चौकोनात फक्त 'येथे आजोबा बसत' एवढेच लिहिले होते. त्याला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

दिवाळीत आपल्याकडे अंगणोअंगणी मुले मातीचे किल्ले करतात. बुरूज होतात, गुहा होते, अळीव पेरून रान उगवते, गादीवर महाराज बसतात, पायऱ्यांवर मावळे उभे राहतात. त्या मावळ्यांची घरे किल्ल्याच्या पायथ्याशी होती. यंदा किल्ला झाल्यावर उरलेल्या मातीत एक घरही करू द्या: काडीचे आढे, गवताची पाखी, पुढे खळे, बाजूला गोठा. आणि ते करताना घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलांच्या शेजारी बसवा. आढ्याला लाकूड कोणते घालीत, शाकारणी कोणत्या महिन्यात होई, सावडीला कोण कोण येई, हे विचारून घ्या आणि दिवाळीचा फराळ आटोपला की त्याच दिवशी लिहून ठेवा.